सारा गौरव प्रभूला

"हॅलो?… कोण, शालू? अवं, काही ऐकू नाही येऊन राहिलं. थांब, गॅलरीत येते… हं. बोल आता."

आता अमरावतीच्या राजापेठेत दुपारच्या वेळी गॅलरीत जाऊन कोणाला काय ऐकू येणार? खालचा ट्यूशन क्लास सुटला की पोरं गाड्या काढतात कमी आणि हॉर्न वाजवतात जास्त. पण ज्योत्स्नाबाईंचा पाय आज घरात ठरतच नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं आणि उद्या सकाळी तिथं त्यांच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. ख्रिस्ती मासिकात प्रार्थनेवर सदर लिहून लिहून बाईंचे केस पिकले, तेव्हा कुठे हा दिवस आला होता. पुस्तकाचं नाव 'कान देऊन'. देव आपलं कसं ऐकतो आणि आपण एकमेकांचं कसं ऐकून घ्यावं, असा सगळा विषय.

आणि फोनवर होती शालू, बार्शीटाकळीची भावजय, धाकट्या कुंदनची बायको.

"हो हो, आजच निघून राहिली… अकोल्यावरूनच जाते न ते गाडी… उतरू? अकोल्याले? वेडी का तू? उद्या सकाळी कार्यक्रम हाय माहा… अवं ऐक ना, साडी फॉल लावाले टाकली होती, त्या बाईनं आत्ता आणून देल्ली. आत्ता! इस्त्री कवा करू मी?… हं… मागं काहून इतका कल्ला होऊन राहिला? बाजारात हायेस का?… मंग कुठं?… थांब, थांब, पुण्याचा फोन येऊन राहिला. ठेवू नको हं, मी आलीच."

बाईंनी बोटानं शालूला बाजूला सारलं आणि पुण्याला पुढं घेतलं. साडी बदलावी तशी भाषाही बदलली.

"नमस्कार पाटोळे सर… हो सर, निघतेच आहे… मनोगत? दहा मिनिटं?… हो, 'ऐकण्याची सेवा' हाच विषय घेते… अहो नाही सर, माझं कसलं कौतुक. सारा गौरव प्रभूला."

हे शेवटचं वाक्य या आठवड्यात त्यांच्या तोंडून इतक्यांदा गेलं होतं, की आता ते शिंकेसारखं आपोआपच यायचं. लबाडी नव्हती त्यात. बाई मनापासून श्रद्धाळू होत्या. पण घाईत होत्या, आणि घाईतल्या माणसाचं मन त्याच्या तोंडाच्या बरंच मागं चालत असतं.

"हं शालू, हायेस न?… कोण म्हणजे, प्रकाशक होते. तर मी काय सांगत होती…"

मग बाईंनी सगळं सांगितलं. हॉल कोणता, पाहुणे कोण, मुखपृष्ठावरचा फोटो कसा जुनाच टाकला आणि त्यात आपण कशा बारीक दिसतो. तिकडून शालूचा नुसता हुंकार येत होता. एकदोनदा तिनं मधेच काही सुरू केलं, पण बाई बोलायला लागल्या की त्यांच्यात शिरायला जागा सापडणं कठीण. फोन आधी ठेवायच्या त्याही नेहमी बाईच.

खरं म्हणजे बाईंच्या मनात शालूबद्दल एक लहानसा सल होता. बार्शीटाकळी आणि अकोल्याच्या विश्वासी बायांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, 'प्रार्थना-साखळी' नावाचा. रविवारी उपासना सुटल्यावर बाईंनी त्यावर पुस्तकाची बातमी टाकली. दिवसभर फुलं, गुच्छ, हात जोडलेल्या बाहुल्या, नुसता पाऊस पडला. घरच्या भावजयीचं मात्र एक फूल नाही.

"शालू, एक विचारू? राग नको मानू. सगळ्या मंडळीनं अभिनंदन केलं, तुलेच माह्यासाठी दोन शब्द नाही सुचले?… काय?… लिहिलं होतं? रविवारीच?… मी उत्तरबी देल्लं? काय देल्लं?… हालेलूया?… बरं मंग, चांगलंच हाय न… कशाले म्हटलं म्हणजे? कशाले म्हणतेत हालेलूया?… सावकाश सांग, मले नाही समजून राहिलं… गाठ? कोणाले गाठ?… शालू, कोणाले?"

बाईंनी फोन कानापासून काढला, स्पीकर लावला आणि ग्रुप उघडून रविवारपर्यंत मागं गेल्या. फुलं, मुखपृष्ठ, पुन्हा फुलं. त्या फुलांच्या मधोमध शालूचा संदेश होता. ताई, उजव्या छातीत गाठ निघाली, शुक्रवारी सकाळी अकोल्यात ऑपरेशन आहे, प्रार्थनेत ठेवा. आणि त्याच्या खाली, लगेच, बाईंचं स्वतःचं उत्तर. हालेलूया, सारा गौरव प्रभूला. त्याच्याखाली बायांची आमेनची रांग. ज्योत्स्नाताई म्हणाल्या म्हटल्यावर कोण मागं राहणार?

बाई आत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. इस्त्रीसाठी काढलेली साडी तिथंच पसरली होती, तिच्यावरच बसल्या.

"शालू… आता कुठं हायेस तू?… दवाखान्यात? भरती झाली? केव्हाची?… सकाळपासून, हं… म्हणजे तो कल्ला… हं… काय म्हणतेस? मले? देवानं मले काय दाखवलं?"

इथं थोडं सांगावं लागेल. आमच्या मंडळीत एक रीत आहे. एखाद्याच्या दुखण्यासाठी सगळे गुडघे टेकून मागणं करत असतात, आणि त्यात एखादी मुरलेली विश्वासी बाई मागायच्या ऐवजी हालेलूया म्हणत एकदम उपकारस्तुतीच करायला लागते. तसं झालं की लोक समजतात, हिला वरून कळलं, काम झालं. मग त्या दुखण्याची भीती कोणी धरत नाही. शालूनं त्या हालेलूयाचा अर्थ तसा धरला होता. रविवारपासून ती रडली नव्हती. कुंदन घाबरला तर त्यालाच धीर देत होती, की ताईनं स्तुती केली आहे, आता कशाला भ्यायचं? पण आज वॉर्डातल्या खाटेवर अंग टाकलं, शेजारच्या खाटेवरची बाई पाहिली आणि शालूचा धीर सुटला. म्हणून फोन केला होता तिनं. देवानं ताईला नेमकं काय दाखवलं, तेवढं एकदा ताईच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि बाईंकडे उत्तर तयार होतं. याच विषयावर त्यांनी पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं होतं आणि त्यातलं एक वाक्य इतकं गोड उतरलं होतं, की पाटोळे सरांनी ते पाठीमागच्या पानावर छापलं. ते वाक्य म्हटलं असतं तर शालूला रात्रभर झोप लागली असती. बाईंची लाजही झाकली गेली असती. कोणाला कळणार होतं?

"शालू, ऐक. देवानं मले…"

हातातल्या फोनमध्ये पुन्हा पुण्याची टुकटुक सुरू झाली.

"…नाही, कट नाही झाला. हाय मी… वाजू दे त्याले, पुण्याचाच हाय… शालू, देवानं मले काही नाही दाखवलं. मी वाचलंच नव्हतं… हो. न वाचताच टाकलं. कोणाचं हाय तेबी नाही पाहिलं. मले वाटलं, माह्या पुस्तकाचंच हाय."

तिकडून आता नुसता वॉर्ड ऐकू येत होता. कोणीतरी खोकत होतं, एक गाडी खडखडत गेली, एक लहान लेकरू आईला हाका मारत होतं. हे सगळं पहिल्यापासून ऐकू येत होतं आणि बाई त्याला बाजार समजल्या होत्या.

बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा शालूच्या जिवाची भीती जास्त वाटली. बाईंच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात आईचं हागणं-मुतणं या शालूनं काढलं होतं. ज्योत्स्नाबाई तेव्हा अमरावतीत बसून सेवेवर लेखमाला लिहीत होत्या. ती लेखमाला लोकांना फार आवडली होती.

"शालू?… हसून राहिली का रडून राहिली?… बोल न वं. शिव्या दे पायजे तर… हो. चुकलं माहं. लय चुकलं… काय? आता? फोनवर?… करते न. काहून नाही करणार? डोळे मीट… हे परमदयाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी दुर्बळ लेकरं तुझ्या कृपासनासमोर… थांब. नाही शालू, हे पुस्तकातलं झालं."

बाईंनी फोन दोन्ही हातांत धरला.

"बापा… शालू भेली हाय. मीबी भेली हाय. उद्याचं मले काही माहीत नाही, तुलेच माहीत. तिले सांभाळ. तिचे लेकरं लहान हायेत. कुंदनले तिच्याशिवाय चहा करता येत नाही, तुले तर ठाऊकच हाय. डॉक्टरच्या हाताले धर. आणि मी तिचं ऐकलं नाही, त्याची माफी दे. आमेन… तूबी म्हण… हं."

नाक ओढल्याचा आवाज येत होता, दोन्हीकडून.

"सकाळी किती वाजता नेतेत?… बरं. मी अकोल्याले उतरते… हो, त्याच गाडीनं. तिकीट पुण्याचं हाय तर काय झालं, उतराले कोणाची मनाई हाय?… नको, कुंदनले स्टेशनवर नको पाठवू. त्याले तुह्यापाशी बसू दे… पुण्याचं?"

पुण्याचं नाव निघालं आणि बाईंनी अंगाखालच्या साडीकडे पाहिलं. एवढी वर्षं वाट पाहिली होती, नवी साडी घेतली होती, मनोगत पाठ केलं होतं. दहा मिनिटं, 'ऐकण्याची सेवा'.

"पुस्तक छापून झालं हाय, शालू. त्याच्यावरचा कागद पाटोळे सर काढतीन. मी नसली म्हणून पुस्तक काही फाटत नाही… नाही वं, रडून नाही राहिली. सर्दी हाय… आणि ग्रुपवर ते खोडते मी आत्ताच, खरं काय ते लिहिते… काहून? खोडू नको?… राहू देऊ?"

बाई ऐकत राहिल्या.

"…म्हणजे उद्या शुद्धीवर आली की पाहतेस, ते खरं निघालं का काय… बरं माय. राहू देते मंग. हालेलूया राहू देते."

खालचा कल्ला विरला होता. पुण्याची टुकटुक आणखी एकदा येऊन गेली.

"आता तू सांग. पहिल्यापासून सांग, पहिलेंदा कवा लागली हाताले… नाही, मले घाई नाही. गाडीले टाइम हाय… हं… हं… आणि कुंदनले केव्हा सांगितलं?… एकटीच गेली होती दाखवाले? इतक्या दूर?… हं…"

साडी पार चुरगळली. बाई तिच्यावरून उठल्या नाहीत.

"कोण, सिस्टर आली? जाय मंग, बीपी पाहू दे तिले… नाही, मी नाही ठेवत. तू ठेव."