रज्जाकचाचांना कार्ड चालतं

आमच्या घरात कार्ड म्हटलं की रज्जाकचाचाच आठवतात. लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा भूगावला राहायला येणार होत्या आणि स्वयंपाकाचा ओटा अर्धाच झाला होता. पगार लांब, खात्यात खडखडाट. होतं काय ते नवऱ्याचं क्रेडिट कार्ड. चाचा गवंडी, जवळच्या भरे गावाहून यायचे. मी हळूच विचारलं, "चाचा, कार्ड चालेल का?"

"आता कशाला कार्ड? लगीन झालं की तुमचं!"

"तसलं नाही, पैशांचं. मशीनवर घासायचं."

त्यांनी हातातली थापी पुढे केली. "घासायला माझ्याकडं हीच हाय."

माझा चेहरा पडलेला बघून तेच म्हणाले, "पगार झाला की द्या, ताई. ओटा काय पळून जातोय व्हय?" आणि संध्याकाळपर्यंत काम पुरं केलं. सासूबाईंनी आल्या आल्या त्याच ओट्यावर पुरणपोळ्या केल्या. पहिल्या चार मी चाचांसाठी बाजूला काढल्या.

पगार झाल्यावर पैसे घालायला घरात पाकीट सापडेना, म्हणून उरलेल्या लग्नपत्रिकेत नोटा ठेवून दिल्या. चाचांनी ती उलटसुलट करून बघितली.

"बघा, शेवटी कार्डच चाललं!"