रविवारी दहाचा अलार्म

मालक : वाजला की नाही, तेवढंच सांगा साहेब. बाकीचं मग बघू. अलार्म वाजला का?

अधिकारी : आधी इथे कठड्यावर बसा काका. सगळीकडे पाणी झालंय, घसराल.

मालक : मला नाही बसायचं. वरच्या चार खोल्या भाड्याने दिल्यात मी. सात माणसं माझ्या भरवशावर राहतात. वाजला का?

अधिकारी : वाजला.

मालक : बघ! कोपऱ्यावरून धूर दिसल्यापासून तुला हेच सांगतोय मी. वाजणारच!

मालकीण : अहो, वाजला म्हणून काय नाचायचं का आता? साहेब, दुकानदार म्हणाला, वरच्या सिस्टरला उचलून नेलं. खरं आहे?

अधिकारी : हो. शुद्ध नव्हती. छातीत धूर गेलाय. मशीनवर श्वास चालू आहे.

मालकीण : अगं बाई गं! जगेल ना ती?

अधिकारी : संध्याकाळपर्यंत डॉक्टर काही बोलणार नाहीत. बाकीचे सहाजण धडधाकट आहेत. समोर त्या शेडमध्ये बसवलंय.

मालक : पण कसं शक्य आहे? आग विझवायचे सिलिंडर मी दरवर्षी तपासून घेतो. मागच्या लोखंडी जिन्यावर साधी कुंडी ठेवू देत नाही कुणाला.

मालकीण : माझी मिरचीची रोपं भिरकावून दिली होती ह्यांनी.

अधिकारी : पाहिलं सगळं. जिना मोकळा होता, सिलिंडर भरलेले होते. म्हणून तर आम्हालाही उलगडा होईना. आग पुढच्या जिन्याखाली लागली. वरच्या ड्रायव्हरने स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली होती.

मालक : तिथे प्लग मीच बसवून दिला त्याला. म्हटलं, झोपतो त्या खोलीत बॅटरी नको, जिवाला धोका.

अधिकारी : आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसवलात.

मालक : एवढा विचार नाही केला.

अधिकारी : तरी अलार्म वेळेवर वाजला. दहाच्या ठोक्याला. पण कुणी उठलंच नाही.

मालक : उठलं नाही म्हणजे? मेलेला माणूस उठेल असा आवाज आहे त्याचा!

अधिकारी : ऐकला सगळ्यांनी. टेलरची बायको म्हणाली, ऐकला, पोराला थोपटलं आणि कूस बदलली. ड्रायव्हरने डोक्यावर उशी घेतली. परीक्षेला बसलेली ती दोघं, त्यांनी कानात बोळे घातले आणि पुढचं पान उलटलं.

मालकीण : घर पेटलंय आणि ही माणसं लोळतायत? डोकी ठिकाणावर आहेत का यांची?

अधिकारी : त्यांना वाटलं, काका आहेत.

मालक : मी?

अधिकारी : खाली फळ्यावर एक कागद होता. कडा जळल्यात, पण अक्षर शाबूत आहे. हा बघा. 'दर रविवारी सकाळी ठीक दहा वाजता अलार्मची चाचणी होईल. घाबरू नये. कोणीही उठण्याची तसदी घेऊ नये. आपला, मालक.' तुमचंच अक्षर ना?

मालक : माझंच. साहेब, तुम्ही समजून घ्या, सुरुवातीला सगळे टॉवेल गुंडाळून धावत खाली यायचे हो. सुट्टीचा एकच दिवस, झोपू द्या म्हणाले. मलाच वाईट वाटलं. म्हणून लिहिलं. पण चाचणी नाही सोडली. तीन वर्षांत एक रविवार चुकवला नाही.

मालकीण : अंगात ताप असतानासुद्धा उठून बटण दाबायचे. मी म्हणायचे, हा भोंगा म्हणजे माझी सवत आहे.

मालक : आज तेवढा चुकला. हिच्या चष्म्याची काडी तुटली. म्हटलं, दुरुस्त करून आणू, आल्यावर चाचणी करू.

अधिकारी : जाताना कुणाला सांगितलंत?

मालक : कशाला सांगायचं? तासाभराचं काम.

मालकीण : थांबा. मग त्यांना उठवलं कुणी?

अधिकारी : सिस्टरने. रात्रपाळी करून आली होती, नुकताच डोळा लागला असेल. टेलर सांगत होता, दारं बडवत ओरडत होती : 'काका दहा आकडे मोजतात आणि बंद करतात. हा थांबत नाहीये. उठा!'

मालक : दहाच मोजतो मी. पण मनात मोजतो, साहेब. तिला कसं कळलं?

अधिकारी : दर रविवारी ऐकत असणार. तिन्ही खोल्या तिने उठवल्या आणि मागच्या जिन्याने सगळ्यांना खाली उतरवलं.

मालकीण : मग तीही उतरली ना? अंगणात आली ना? मग धूर कुठून गेला तिच्या छातीत?

अधिकारी : काकू, तुम्ही जरा बसा.

मालकीण : मला नाही बसायचं साहेब. सांगा.

अधिकारी : अंगणात तिने माणसं मोजली. भाडेकरू सगळे होते. तुम्ही दोघं नव्हतात.

मालक : आम्ही चष्म्याच्या दुकानात होतो.

अधिकारी : ते तिला काय माहीत? तुमचं दार ओढलं की आपोआप लॉक होतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. रविवारी दहाला काका घरात, हे मात्र सगळ्यांना पाठ. टेलरने तिचा हात धरला होता. हिसडा देऊन गेली. पुढच्या दाराने, धुरात.

मालक : आमच्यासाठी?

अधिकारी : तुमच्या उंबऱ्यावर सापडली आम्हाला. आत माणसं अडकलीत असं आम्हालाही वाटलं, म्हणून दार फोडलं. आत कुणी नाही. नुसता रेडिओ बोलत होता.

मालकीण : रेडिओ... तो मी लावून ठेवते हो. घरात माणूस आहे असं चोराला वाटावं म्हणून. अहो, तिने ऐकला असेल तो! बोलणं ऐकू आलं असेल, म्हणूनच दार सोडलं नसेल पोरीने! काय करून बसलो आपण हे? अहो, बोला ना काहीतरी!

अधिकारी : काका, तिच्या घरी कळवायला हवं. भाडेकरूंचे नंबर असतील तुमच्याकडे.

मालक : आईचा आहे. इथेच, माझ्या मोबाईलमध्ये. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो, पोरीवर लक्ष असू द्या म्हणून. मी लावतो.

अधिकारी : आम्ही लावतो. तुम्हाला नाही जमायचं ते.

मालकीण : साहेब बरोबर म्हणतायत. काय सांगणार आहात त्या माउलीला?

मालक : ती सुखरूप बाहेर आली होती, हे आधी सांगेन. मग आम्ही घरी नव्हतो, ते.