भिंतीवरचे ठसे

अहिल्या : तो माशाच्या आकाराचा पण भिंतीवरून काढा. शेपटीने बाटली उघडायची वस्तू आहे हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

शांताराम : काढतो गं. पितळी आहे, ओढून चालत नाही. आणि हा बघ, याच्या मुठीला कुंचा आहे. बुचावरची धूळ आधी झाडायची, मग स्क्रू फिरवायचा. किती विचार केलाय माणसाने.

अहिल्या : विचार पुरे. आपल्या स्वप्नाला बघायला येतायत, त्या मुलाचे वडील झरीच्या शाळेचे हेडमास्तर आहेत. गावोगाव दारूबंदीच्या फेऱ्या काढतात. मुलीच्या बापाच्या हॉलमध्ये भिंतभर हे बूच काढायचे स्क्रू बघून काय म्हणतील?

शांताराम : मी तर आयुष्यात थेंब घेतला नाही.

अहिल्या : ते मला माहीत आहे, तुमच्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?

शांताराम : हा दोन पात्यांचा. इराण्याच्या वाडीतल्या बंगल्याचं भंगार निघालं, तेव्हा मिळाला. याने बुचाला भोक पडतच नाही. साहेबाचा खानसामा गुपचूप अर्धी बाटली प्यायचा, पाणी भरायचा आणि बूच होतं तसं बसवायचा.

अहिल्या : हे मास्तरांना सांगायला जाऊ नका म्हणजे मिळवली.

शांताराम : आणि हा पंखांचा. स्क्रू आत गेला की हात वर करतो. खाली दाबले की बूच वर.

अहिल्या : टाका खोक्यात.

शांताराम : टाकला. झालं. आता भिंत मोकळी... अरेच्चा.

अहिल्या : देवा रे. हे काय?

शांताराम : प्रवीण पेंटरने मागच्या दिवाळीला रंग दिला ना, तेव्हा मी एकही वस्तू काढू दिली नव्हती. त्याने बाजूबाजूने ब्रश फिरवला. खालचा जुना चुना तसाच राहिला.

अहिल्या : म्हणजे निळ्या भिंतीवर पांढरे स्क्रू. हे तर आधीपेक्षा ठळक दिसतायत. आता तर वाटेल, लपवलेत.

शांताराम : लपवलेच आहेत.

स्वप्ना : आई, ललितचा मेसेज आला. चारोटीला पोचले ते, अर्ध्या तासात इथे... हे कोणी काढलं?

अहिल्या : तुझ्यासाठीच काढलंय. कपाटातली मोठी चादर आण.

स्वप्ना : भिंतीला चादर कोण लावतं, आई? मेली उगाच शंका यायची. आणि मला नाही आवडलं हे. ललित मला आवडतो, हे जमावं असं खूप वाटतं. पण बाबांना झाकून नको जमायला.

शांताराम : मला कोण झाकतंय? लोखंडच आहे, बाळा. माझ्या या नादापायी तुझं जमता जमता राहिलं तर मला झोप लागणार नाही. उद्या खोकं भंगारवाल्याला देऊन टाकतो. खरंच देतो.

अहिल्या : थांबा जरा. हा मधला गोल ठसा कशाचा? खोक्यात तर गोल असं काही दिसत नाही.

शांताराम : तो... खिशात आहे.

अहिल्या : काढा बघू.

(शांताराम खिशातून एक लाकडी टोपी काढतो. आतल्या बाजूला बोटाएवढा खुंटा.)

स्वप्ना : हे काय आहे?

अहिल्या : गोटी सोड्याची टोपी. बाटलीवर ठेवायची आणि तळव्याने दाबायची, गोटी आत जाते. ही अण्णांची आहे. माझ्या वडिलांची, स्टेशनबाहेरच्या सोड्याच्या गाडीवरची. तुमच्याकडे कशी?

शांताराम : तुला बघायला आलो होतो तेव्हा मागून घेतली. अण्णा म्हणाले, जावईबापू, हिचं काय करणार? मी ती तशीच खिशात घातली.

अहिल्या : आणि इतकी वर्षं भिंतीवर होती?

शांताराम : बरोबर मधोमध. तू त्या भिंतीकडे रागाने बघायचीस, म्हणून दिसली नसेल. बाकीचे सगळे नंतर आले. एकटी बरी दिसत नव्हती.

स्वप्ना : आई, तू बघायला आलेल्यांना सोडा दिलास?

अहिल्या : चहाचं दूध नासलं होतं. घाईत इतक्या जोरात दाबलं की यांच्या वडिलांचा सदरा छातीपासून खाली धोतरापर्यंत भिजला. मला वाटलं, गेलं स्थळ. मी आत जाऊन रडत बसले.

शांताराम : बाबा वाटेत एवढंच म्हणाले, पोरगी हाताची जोरकस आहे.

स्वप्ना : मग आता खोकं माळ्यावर ठेवू?

अहिल्या : कशाला? उघड ते. बाबांच्या हाताशी एकेक देत जा, ज्याचा ठसा त्याच्यावर. कुंचावाला आधी. ती टोपी माझ्याकडे द्या, मी लावते.

शांताराम : अगं, पण हेडमास्तर?

अहिल्या : त्यांची खुर्ची भिंतीसमोरच ठेवा. नीट बघू देत.

शांताराम : आणि विचारलं त्यांनी, शांतारामभाऊ, हे सगळं कशाला जमवलंत, तर?

अहिल्या : तुम्ही गप्प बसा. मी सांगेन, माझ्यापासून सुरू झालं.