धुतलेली पिशवी

बसच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“आई, ओट्यावरची पावाची पिशवी बॅगेत टाकलीत ना? बेकरीवाल्याला दाखवायचीय.”

“अगं, ती धुवायला घेतली, तर गरम पाण्यात हातातच विरघळली. कसली गं ती?”

“मक्याच्या सालांची, मी केलेली. मातीत जिरावी म्हणूनच तशी केलीय. आत कांद्याच्या टरफलांचा अर्क आहे, पावाला बुरशी लागू नये म्हणून. आता त्याला काय दाखवू, माझं कपाळ? निदान आतला पाव तरी आणलात ना?”

“सकाळी चहाबरोबर खाल्ला.”

“अहो, गेल्या आठवड्यातला होता तो!”

“काहीतरीच! मला वाटलं, कालच आणलास.”

“खरंच? मग बेकरीवाल्याशी तुम्हीच बोला.”

“बोलते की! पिशवी धुवायची नाही, तेवढं मात्र तू सांग.”