कडं आठवर

(नेमबाजी क्लबच्या मैदानालगतची साहित्याची खोली. बाहेर स्पर्धा थांबवून ठेवली आहे. टेबलावर दुर्बिणी बसवलेल्या दोन रायफली; एकीपाशी क्लबचे जुने प्रशिक्षक, दुसरीपाशी त्यांची स्पर्धक मुलगी.)

वडील – माणूस खोटं बोलतो, डोळा खोटं बोलतो, वेळ आली तर आरसासुद्धा खोटं बोलतो. पण दुर्बिणीतले ठिपके जन्मात कधी खोटं बोलत नाहीत.

मुलगी – बाबा, काच बनियनने पुसू नका.

वडील – बनियन नाही, फडकं आहे.

मुलगी – त्याला बाह्या आहेत.

वडील – बाह्या असलेलं फडकं आहे. विषय बदलू नकोस. जोडीची स्पर्धा, एकाने अंतर मोजायचं, दुसऱ्याने गोळी मारायची. मी मोजून चारशे पन्नास मीटर सांगितले, तू चारशे पन्नास धरून मारलीस, आणि गोळी लक्ष्याच्या पोलादी प्लेटच्या वरून वीतभर उडून मागच्या बांधात गेली. यात तुझी चूक नाही, माझी नाही, ठिपक्यांची तर नाहीच नाही. मग राहिलं कोण?

मुलगी – प्लेट.

वडील – प्लेट! आणि प्लेट कापली कुणी? वेल्डरने. साठ सेंटिमीटर उंच कापायला सांगितली होती. पठ्ठ्याने चाळीसची कापली आणि वरचं पोलाद घशात घातलं.

मुलगी – हे सगळं तुम्ही मघाशी मैदानात ओरडून सांगितलंत. पंचापासून पाणी वाटणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

वडील – हरकत घ्यायची तर खणखणीत घ्यावी. तोंडातल्या तोंडात घेतली तर तिला ढेकर म्हणतात.

मुलगी – तो समोरच उभा होता. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

वडील – पंच टेप घेऊन गेलाय ना? दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होईल.

मुलगी – माझं काय होईल ते सांगा. संघात एक जागा उरली होती. ती गोळी लागली असती तर माझी होती.

वडील – अगं, म्हणून तर घसा फोडला. लक्ष्य मापात नसेल तर गोळी पुन्हा मिळते. नियमच आहे.

मुलगी – मला एकदा हिशेब सांगा.

वडील – तुला? पाळण्यात असल्यापासून ऐकतेयस.

मुलगी – तेव्हा त्याने मला झोप लागायची. सांगा.

वडील – लक्ष्याची खरी उंची आपल्याला माहीत असते. दुर्बिणीच्या काचेवर कोरलेल्या ठिपक्यांशी लावून ते किती ठिपके उंच दिसतं ते बघायचं. उंची मिलिमीटरमध्ये घ्यायची, ठिपक्यांनी भागायची, मीटरमध्ये अंतर हातात. साठ सेंटिमीटर म्हणजे सहाशे मिलिमीटर. मला प्लेट दिसली एक ठिपका आणि वर एक तृतीयांश. भाग दे. चारशे पन्नास. आता प्लेट चाळीसचीच असेल तर? चारशेला त्यानेच भाग.

मुलगी – तीनशे.

वडील – म्हणजे प्लेट होती तीनशेवर, आणि आपण मारली चारशे पन्नास धरून. गोळी वरून जाईल नाहीतर काय खालून जाईल? चोर असा गणितात सापडतो. पोलिसांना शिकवलं पाहिजे हे.

मुलगी – आणि तीनशेवर साठचीच प्लेट असती, तर किती दिसली असती?

वडील – दोन ठिपके. कापून काढल्यासारखे दोन.

मुलगी – तुमची दुर्बीण द्या इकडे.

वडील – पुसतोय ना मी.

मुलगी – द्या हो. … बाबा.

वडील – काय?

मुलगी – चित्र मोठं करायचं हे कडं आठवर आहे.

वडील – कुठल्या आठवर?

मुलगी – आठ एकच असतो. या जुन्या दुर्बिणीतले ठिपके खरे कधी धरायचे?

वडील – कडं पूर्ण बारावर असेल तेव्हा.

मुलगी – आणि आठवर?

वडील – आठवर… चित्र लहान होतं. ठिपके तेवढेच राहतात.

मुलगी – म्हणजे दोन ठिपक्यांची प्लेट दिसते एक ठिपका आणि वर एक तृतीयांश. चोर असा गणितात सापडतो.

वडील – पिशवीत घालताना फिरलं असेल.

मुलगी – पिशवीत घातलीच कुठे? मैदानातून निशाणासारखी उंच धरून आणलीत. आणि हे कडं म्हणजे गंजलेल्या बरणीचं झाकण आहे, आपलं आपण फिरतंय कशाला? मागे भिंतीवर पाटी आहे, ती वाचा.

वडील – मला पाठ आहे.

मुलगी – तरी वाचा.

वडील – "आधी कडं बारावर, मग तोंड उघड."

मुलगी – खाली सही कुणाची?

वडील – सही केली तेव्हा हात बरा होता.

मुलगी – म्हणजे?

वडील – म्हणजे काही नाही. सही चांगली आलीय, एवढंच.

मुलगी – बाबा.

वडील – बारावर नेलं की प्लेट नाचते. हात वाळूच्या पिशवीवर टेकवला तरी नाचते. आठवर जरा शहाण्यासारखी उभी राहते. म्हटलं, आधी आठवर हुडकावी, मग हळूच कडं बारावर न्यावं. हुडकली. हलत नव्हती गं! इतका आनंद झाला की तिथेच राहिलो. तेवढ्यात पंच म्हणाला, वेळ संपत आली. मी तोंड उघडलं.

मुलगी – कधीपासून आहे हे?

वडील – आईला विचार.

मुलगी – आईला माहीत आहे?

वडील – तीच तर मला अर्धा कप चहा देते.

मुलगी – मला वाटलं, तुम्ही चहा कमी केलाय.

वडील – तुला तसंच सांगायचं ठरलं होतं.

मुलगी – आणि मला हे आज, असं कळतंय. उठा. पंच परत यायच्या आत हरकत मागे घ्या.

वडील – थांब जरा. समजा, वेल्डरने खरंच पोलाद खाल्लं असलं तर?

मुलगी – खाल्लं नाही हे आत्ताच तुमच्या तोंडून ठरलं.

वडील – थोडंसं? बोटभर? माणूस आहे शेवटी.

मुलगी – म्हणजे आता एक भला माणूस चोर निघावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसायचं.

वडील – तू असं मांडलंस की ते वाईट दिसतं.

मुलगी – मग कसं मांडू?

वडील – मांडूच नकोस.

पंच – सर, येऊ का आत?

वडील – ये. पंचाने कसली परवानगी मागायची? मोजलीस?

पंच – सर, सवय आहे. तुमच्या वर्गात विचारल्याशिवाय कधी आलो नाही. मोजली, सर. म्हणजे, आधी हुकांवरून काढली, मैदानाच्या मध्ये आणली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोजायला. वेल्डरलाच धरायला लावली. तशी दोन माणसांनी उचलायची प्लेट आहे, पण मघाशी तुम्ही बोललात ना, त्यानंतर त्याच्या शेजारी उभं राहायला कुणी पुढे येईना.

वडील – किती भरली ते सांग.

पंच – साठ, सर. मला वाटलं टेपच चुकीची. तुमची हरकत म्हटल्यावर टेपवरच शंका घ्यायला हवी. दुसरी मागवली. तिच्यावरही साठच.

मुलगी – ऐकलंत?

पंच – पण ताई, तसं बघितलं तर मार्ग निघतो. प्लेटची खालची कड गवतात गेली होती, दोन बोटं, असं मी माझ्या अधिकारात म्हणू शकतो. सरांचा शब्द राहील, तुम्हाला गोळी पुन्हा मिळेल.

वडील – दोन बोटं…

पंच – तीन म्हणू का?

वडील – आणि वेल्डर?

पंच – त्याचं सेक्रेटरींनी ठरवलंय, सर. ते एकदा बोलले की मागे घेत नाहीत, मग वाईट दिसतं. त्याला काय, कुठेही काम मिळेल. हातात कला आहे.

वडील – अगं, तुझं काय? बोल ना काहीतरी.

मुलगी – मला ती गोळी हवीय, बाबा. खोटं कशाला बोलू? त्या कामाला तुम्ही दोघं आहात. इतकी हवीय, की इतका वेळ मी वेल्डर वेल्डर करतेय आणि त्याचं नाव काय, ते मला माहीत नाही.

पंच – नाव… सगळे वेल्डरच म्हणतात त्याला.

वडील – हे बघ, दोन बोटं गवतात गेली तर अंतर चुकेल फार तर वीस मीटर. तीनशेचे तीनशे वीस. तीनशेचे चारशे पन्नास व्हायला वीतभर गवत लागतं, आणि मैदान परवाच कापलंय. शेंबड्या पोराच्या लक्षात येईल. असला भिकार हिशेब माझ्या नावावर नको.

पंच – मग काय सांगू, सर?

वडील – सांग, कडं आठवर होतं.

पंच – सांगतो, सर.

वडील – कळलं का? आठवर होतं.

पंच – माहीत आहे, सर.

वडील – काय माहीत आहे?

पंच – मी तुमच्या मागेच उभा होतो ना. पंचाला बघावं लागतं. तुम्ही अंतर सांगितलंत तेव्हा कडं आठवर होतं.

मुलगी – आणि तुम्ही गप्प बसलात?

पंच – सरांनीच शिकवलंय, ताई. मोजणाऱ्याच्या कानाशी बोलायचं नाही.

मुलगी – मोजताना. मोजून झाल्यावर? बाबा चोर चोर म्हणून ओरडत होते तेव्हा? सेक्रेटरींनी त्याला काढलं तेव्हा? दुसरी टेप मागवलीत तेव्हा?

पंच – सर इतक्या खात्रीने बोलत होते की मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना चुकीचं दिसलं असेल.

मुलगी – खरंच वाटलं?

पंच – नाही. वाटलं नाही.

वडील – पाजळलीस माझी विद्या! इतकी वर्षं दोघांना नेम धरायला शिकवला, आणि तोंड कधी उघडायचं तेवढं शिकवायचं राहिलं. माझं मलाच येत नव्हतं म्हणा. माईक चालू आहे का अजून?

पंच – आहे, सर. का?

वडील – सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर गिळतो.

मुलगी – म्हणजे माझी गोळी गेली.

वडील – गेली. जागाही गेली. ती तू नाही घालवलीस, मी घालवली. तेही माईकवर सांगणार.

मुलगी – तेवढं नका सांगू.

वडील – का?

मुलगी – मग हाताचं पण सांगावं लागेल.

वडील – सांगेन की. अर्ध्या कपासकट सांगेन. सेक्रेटरींना पहिल्या रांगेत बसव रे, आणि वेल्डरला माझ्या शेजारी उभा कर. आधी त्याचं नाव विचारून ये. नावाने माफी मागायची. माझा कोट कुठाय? नको, कोट नको, शर्टच बरा. खोचू का बाहेर ठेवू?

मुलगी – बाबा, माफी मागायचीय. सत्कार नाही तुमचा.

वडील – माफीसुद्धा माणसाने नीटनेटकी मागावी. चल, लोकांना शांत बसायला सांग.

पंच – लोक नाहीयेत, सर.

वडील – नाहीयेत म्हणजे?

पंच – दुसरी टेप येईपर्यंत जेवणाची वेळ झाली. सेक्रेटरींसकट सगळे गेले.

वडील – मग मैदानात कुणीच नाही?

पंच – वेल्डर आहे. प्लेट धरून उभा आहे. खाली ठेव म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही.