फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

नांदुऱ्याच्या पोस्टातली रांग हलायचं नाव घेईना, तसे वासंतीबाईंचे कान पुढच्या दोघींकडे लागले.

“काहो मनकर्णाबाई, लेकीचं कार्ड आता भेटते का तुमाले?”

“भेटते ना. पह्यले आमच्या गल्लीतली दुसरी मनकर्णा ‘मीच ते’ म्हणून घेऊन जाये. लेकीनं पाठवलेलं लुगडंबी तिनंच आंगठा देऊन सोडवलं.”

“मंग?”

“लेकीले सांगतलं, दर कार्डाचा कोपरा फाडत जाय.”

“अवं माय, तसं कार्ड तं कोणी मेल्यावर येते.”

“म्हणूनच तं. आता तीच पोस्टमनले म्हणते, हे माह्यं नाही, त्या मनकर्णाचं हाय.”

“आन् खरंच कोणी गेलं तं?”

“तवा कोपरा साबूत ठेवजो म्हणलं.”

“मंग ते तं तिच्याच हाती पडन.”

“पडू दे. तेवढं एक तिनंच ठेवून घ्यावं.”