घरची भाषा

(मालवणी मुलखातल्या कट्टा या गावाजवळची एक प्राथमिक शाळा. शिक्षिका दोनच : मुख्याध्यापिका किशोरीबाई आणि नवी आलेली नाझनीन. शाळा नुकतीच सुटली आहे.)

नाझनीन : म्हणजे पहिलीला आता मालवणीतच शिकवायचं?

किशोरी : मी कुठे म्हणते? काल ओरोसला प्रशिक्षणात सर म्हणाले. घरची भाषा वर्गात येऊ द्या, मुलं मोकळी होतील.

नाझनीन : आणि मागच्या प्रशिक्षणात?

किशोरी : त्या मॅडम म्हणाल्या होत्या, मुलांच्या कानावर प्रमाण भाषा पडू दे.

नाझनीन : बाई, त्या ‘भरपूर भाषा’ म्हणाल्या होत्या. प्रमाण नाही.

किशोरी : भरपूर?

नाझनीन : मला तरी तसं ऐकू आलं.

किशोरी : मी मागे बसले होते. वर तो पंखा खडखडत होता... म्हणजे जूनच्या पालकसभेत मी सगळ्यांना भलतंच सांगितलं?

नाझनीन : काय माहीत! मीच चुकीचं ऐकलं असेन. पण मला सांगा, घरची भाषा म्हणजे कोणाच्या घरची? आमच्याकडची बोली तुमच्याहून वेगळी. मी इथल्यासारखं मालवणी बोलायला गेले की दुसरीतली पोरं तोंडावर हात धरून हसतात.

किशोरी : तेही खरंच. पण आज जे झालं ते मी नाही कसं म्हणू? रिद्धी बोलली.

नाझनीन : परशुरामांची रिद्धी? हजेरीला नुसता हात वर करते ती?

किशोरी : तीच. कोंबडीचं चित्र दाखवलं. मी रोज विचारते, ‘हे काय आहे?’ आज म्हटलं, ‘ह्यां काय गो?’ तर म्हणाली, ‘कोंबी. आमची ह्याच्यापेक्षा बरी आसा.’ मग थांबेचना. कोंबीन अंडी खंय घातली, मुंगूस खंयसून इलो, सगळं हातवारे करून.

नाझनीन : मग झालं की! सर बरोबर होते.

किशोरी : पुढे ती एक वाक्य बोलली, आणि मी फळ्यावर लिहायचं अर्धंच सोडलं.

नाझनीन : काय बोलली?

किशोरी : थांब. तिचे वडीलच येतायत. या, परशुराम, बसा.

परशुराम : बसत नाही. मी स्पष्टच बोलतो, बाई. शाळेत पोरांचं जेवण करते ती रुक्मिणी काकी रस्त्यात भेटली. म्हणाली, बाई आज पोरांशी मालवणी बोलत होत्या. खरं आहे?

किशोरी : खरं आहे.

परशुराम : मालवणी शिकायला मी तिला इथे पाठवत नाही. ती घरात फुकट मिळते. असंच चालणार असेल, तर इंग्लिश मिडियमची गाडी कट्ट्यापर्यंत येते. तिच्यात बसवीन.

नाझनीन : अहो, असं नका करू. पहिलीत मुलं आहेत किती! एक गेलं तरी शाळेवर गदा येते.

किशोरी : नाझनीन, ते राहू दे. परशुराम, एवढा राग कशाचा?

परशुराम : राग नाही. मी पुण्यात हॉटेलात कामाला होतो. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाला म्हटलं, ‘माका समाजला नाय.’ झालं. मालक तेव्हापासून मला ‘माका’ अशीच हाक मारायचा. ‘ए माका, टेबल पूस.’ काम सोडलं तेव्हा माझं नाव तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीचं तसं व्हायला नको. आणि तुम्हीच सभेत सांगितलंत ना, घरी शुद्ध मराठी बोला? त्या दिवसापासून मी घरात मालवणी बंद केली.

किशोरी : बंद केली म्हणजे?

परशुराम : एकदम बंद. ती ‘माका खाऊ दी’ म्हणाली की मी हात मागे घेतो. ‘मला खाऊ द्या’ म्हण, मग देतो.

किशोरी : म्हणते?

परशुराम : आधी म्हणायची. आता काही मागतच नाही. शहाणी झालीय.

नाझनीन : घरी बोलते का हो ती?

परशुराम : शाळेत बडबडून दमत असेल. घरी गप्प असते.

किशोरी : शाळेत ती आज पहिल्यांदा बोलली, परशुराम.

परशुराम : आज?

किशोरी : जूनपासून पहिल्यांदा.

परशुराम : असां कसां? मगे इतके दिवस तां हंय काय करी?

किशोरी : बसायची. बघत राहायची.

परशुराम : आणि आज काय बोल्ला?

किशोरी : कोंबडीचं बोलली. मुंगसाचं.

परशुराम : आणि?

किशोरी : आईचं. म्हणाली, ‘माझी आवस आता मुकी झाली.’

परशुराम : मुकी? मुकी खंय, बाई? तिका मराठी येणा नाय ओ! चुकात म्हणान गप रवता. जेवण वाढता, गप. चेडवाचे केस विंचरता, गप. माका वाटला, दोघी ऐकान ऐकान शिकतत.

नाझनीन : पाणी देऊ, काका?

परशुराम : नको. बाई, आता तुमीच सांगा. जूनात एक सांगल्यात, आज दुसरां. मी काय करू? पुढच्या वेळेक ओरोसाक तिसरांच सांगतीत.

किशोरी : सांगतील. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.

परशुराम : मगे?

किशोरी : माका पण म्हायत नाय रे. खरांच म्हायत नाय. त्या मॅडमांका मी नीट ऐकलंय काय नाय, तां पण आता सांगूक येणा नाय. मराठी मी शिकवतलंय तिका, तां माझां काम. तुमी घरात आपले बोला.

परशुराम : आणि उद्या पुण्याक गेला नि लोक हसले तर?

नाझनीन : हसतील. मला पण हसतात, इथेही आणि घरीही. अजून कळलं नाही मला, काय करायचं ते.

परशुराम : खंय आसा तां?

किशोरी : पायरीवर बसलाहा, तुझी वाट बघीत.

परशुराम : रिद्धी! ये गो हंय. आज जेवणात काय... काय खाल्लंस गो बाय? सांग. मी रागावचंय नाय.

किशोरी : माझ्याकडे कित्या बघतंस गो? बापाशीक सांग.